पाहुण्याचं गाऱ्हाणं

परक्या देशात बोलायला उभं राहिलेल्या माणसापुढे पहिल्याच मिनिटाला एक प्रश्न येतो. तो कुणी तोंडानं विचारत नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो. आमच्याबद्दल आम्हांला सांगणारा तू कोण? 2 जुलै 1916 रोजी तोक्योच्या केओ विद्यापीठात रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘द स्पिरिट ऑफ जपान’ हे इंग्रजी व्याख्यान दिलं, त्याची सुरुवात नेमकी या प्रश्नापासून होते. पाहुण्यानं यजमानांपुढे केलेलं याहून धीट आणि याहून प्रेमळ भाषण माझ्या वाचनात आलेलं नाही. वक्तृत्वस्पर्धा गाजवणारी आपली मुलं-मुली आता टोस्टमास्टर्ससारख्या वक्तृत्व क्लबांतून पुढे जातात, परदेशातल्या परिषदांना हजेरी लावतात, काही जण जपानपर्यंत पोचतात. त्यांनी निघण्याआधी हे व्याख्यान वाचावं असं मला फार वाटतं.

मी ते वाचतो तो लाटंबार्सेचा कान घेऊन. डिचोली तालुक्याच्या टोकाचं हे गाव. पलीकडे दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्र. या सगळ्या पट्ट्यात, पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत, जाहीर बोलण्याचा एक जुना प्रकार अजून जिवंत आहे, तो म्हणजे गाऱ्हाणं. जत्रेला, शिमग्याला, एखादं मोठं काम हाती घेताना गावचा मानकरी देवळासमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीनं बोलू लागतो. आधी देवतांची नावं, मग सीमेवरचे राखणदार, मग पूर्वज. कुणाला वगळायचं नाही, कुणाचा मान पुढे-मागे करायचा नाही. प्रत्येक वाक्य ‘म्हाराजा’वर येऊन थांबतं आणि जमलेला गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. एवढं सगळं झाल्याशिवाय मागणं येत नाही. आणि मागण्यात नुसती याचना नसते. काही चुकलं असेल तर त्याची कबुली असते, आणि राखण करणं हे तुझंच काम आहे, अशी देवाला करून दिलेली आठवणही असते. मान देता देता ठणकावून बोलण्याची ही रीत अंगवळणी पडलेल्या माणसाला ठाकुरांचं भाषण परकं वाटत नाही. त्याची बांधणी गाऱ्हाण्याची आहे.

आधी त्या दिवसांकडे पाहू. ठाकूर ‘तोसा मारू’ या बोटीनं 29 मे 1916 ला कोबे बंदरात उतरले. 1913 साली नोबेल पारितोषिक मिळालेले ते पहिले आशियाई. जपाननं 1905 साली रशियाला हरवलं होतं, 1910 साली कोरिया गिळला होता आणि 1915 साली चीनपुढे एकवीस मागण्यांचा कागद ठेवला होता. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी जिंकणाऱ्या देशात हरलेल्या देशातला एक कवी आला. तो ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, आणि जपान ब्रिटनचा मित्र. स्वागताला तोटा नव्हता. 11 जूनला तोक्योच्या इंपीरियल विद्यापीठात त्यांचं मोठं व्याख्यान झालं. केओमधलं हे त्यानंतरचं.

पाच आठवड्यांच्या मुक्कामानंतर ते बोलताहेत. माझा इथला वास इतका थोडा, की तुमच्या देशाविषयी बोलण्याचा हक्क मी मिळवला नाही असं कुणी म्हणेल, ही शंका ते स्वतःच मांडतात. दुसरा वक्ता असता तर इथे क्षमा मागून मोकळा झाला असता. ठाकूर क्षमा मागत नाहीत. दीर्घ अनुभवाचा धाक मी मानणार नाही, असं ते सांगतात, कारण वर्षानुवर्षांचा अनुभव हा वर्षानुवर्षांचा आंधळेपणाही असू शकतो. आपल्या देशात येऊन जन्म काढलेले आणि तरी आपल्याला न ओळखलेले साहेब त्यांनी पाहिले होते. तसा उल्लेख ते ओझरता करतात. मग संगीताचा दाखला येतो. ज्याला गाण्याचा कान नाही त्याला आवाज ऐकू येतात, गाणं ऐकू येत नाही. असा माणूस किती का तास बसून राहिला असेना, गाण्याला गोंगाट ठरवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. पृथ्वी गोल आहे हे खरं, तरी पावलोपावली डोंगर आणि खळगे त्या गोलाईला खोटं पाडत असतात, असंही ते म्हणतात. एखाद्या समाजाचं सत्य तसंच असतं, विसंगतींच्या ढिगाखालीही टिकून राहणारं.

या सुरुवातीत एक जागा मला कच्ची वाटते. मी चित्राच्या रंगवलेल्या बाजूकडे पाहतो आहे आणि टीकाकार कोऱ्या बाजूकडे, म्हणून माझी ओझरती नजर त्यांच्या टक लावून पाहण्यापेक्षा मोलाची, असा युक्तिवाद ते करतात. तो कुठल्याही खुशमस्कऱ्याला करता येईल. ज्याला नुसतं गोड बोलायचं आहे तोही हेच म्हणेल की मला चांगलं दिसतं. भाषण इथेच घसरलं असतं. पण लगेच ठाकूर वळतात आणि सांगतात की सुरुवातीला मलाही शंका होती. या एका वळणानं ते सावरतं, कारण आता ते ज्यात होते त्या अंधारातूनच श्रोत्यांना घेऊन जाणार असतात.

मग कोबे येतं. टेकडीवरच्या घराच्या सज्जातून त्यांनी शहर पाहिलं. पन्हाळी पत्र्यांची छपरं एकाला एक लागून पसरलेली, उन्हात चकाकणारी. त्यांना ते शहर खवल्यांच्या ड्रॅगनसारखं, धरतीच्या जिवंत मांसाचा लचका तोडून खाऊन उन्हात सुस्तावलेल्या राक्षसी प्राण्यासारखं दिसलं. हा प्राणी पुराणातला नाही, आजचा आहे, असं ते बजावतात. आणि या लोखंडी युगाच्या धुक्यातून खरा जपान मला क्षणभर तरी दिसेल का, असं ते स्वतःला विचारतात.

डिचोलीच्या माणसाला या परिच्छेदावरून पुढे सरकणं जड जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननं पोलादाचे कारखाने पुन्हा उभे केले तेव्हा त्यांच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज मोठ्या प्रमाणावर गोव्यातून गेलं. अनेक दशकं जपान हेच गोव्याच्या खनिजाचं मोठं गिऱ्हाईक होतं. डोंगर फोडायचा, ट्रक भरायचे, नदीकाठच्या धक्क्यावर बार्जमध्ये माल ओतायचा आणि मांडवीतून मुरगाव बंदरात मोठ्या बोटीवर चढवायचा, हे चक्र आमच्या तालुक्यानं डोळ्यांदेखत पाहिलं. शिरगाव, मये या बाजूचे डोंगर कापले गेले, शेतांत लाल गाळ आला, आणि त्याच पैशावर घरंही उभी राहिली, पोरं शिकली. 2012 साली खाणकाम थांबलं तेव्हा त्याच घरांत चुली कशा चालवायच्या याची चिंता पसरली. जिवंत मांसाचा लचका ही प्रतिमा ठाकुरांनी कोबेच्या छपरांवरून घेतली. त्यांना आमचे डोंगर माहीत नव्हते. पण प्रतिमा अस्सल असली की ती लिहिणाऱ्याच्या माहितीपेक्षा लांब पोचते.

आणि लक्षात घ्या, हे ते यजमानांच्या तोंडावर सांगताहेत. एवढ्यावर न थांबता ते आपल्या स्वागतावरच बोट ठेवतात. ही गर्दी म्हणजे निव्वळ कुतूहल असेल, किंवा युरोपनं ज्याला मोठं म्हटलं त्याला मोठं म्हणून युरोपचाच सत्कार करण्याचा हा आडवाटेचा प्रकार असेल, असं मला वाटलं होतं, हे ते सांगून टाकतात. हार घातलेल्या पाहुण्यानं हाराबद्दलच असा संशय बोलून दाखवणं सोपं नाही. आपल्याकडच्या किती सत्कारमूर्तींना हे सुचेल?

त्या संशयाचं उत्तर एका साध्या स्टेशनावर मिळतं. गाडी वाटेवरच्या स्थानकात थांबली असताना काही बौद्ध भिक्षू आणि भाविक आले, फळांची परडी दिली, उदबत्तीचा धूर समोर धरला. बुद्धाच्या भूमीतून आलेल्या माणसाला वंदन करायला ते आले होते. त्यांच्या न बोलण्यानं वर्तमानपत्रांचा कोलाहल पुसून टाकला, अशा अर्थाचं ठाकूर सांगतात. इथे मला भाषणाचा गाभा दिसतो. शब्दांवर जगणारा एक कवी, भाषण करायला आलेला, सांगतो आहे की मला जपान कळला तो न बोलणाऱ्यांकडून. रचनेचं कौशल्यही इथेच आहे. लोखंडी प्राणी आधी, उदबत्ती नंतर. क्रम उलटा असता तर ही तक्रार झाली असती.

यानंतर स्तुती येते, आणि ती आता खरी वाटते, कारण तिला किंमत मोजलेली आहे. निसर्गाचं रहस्य जपाननं चिरफाड करून शोधलं नाही, सहानुभूतीनं ओळखलं. त्याच्या रेषांची, रंगांची, अनियमिततेतल्या तोलाची भाषा या लोकांनी आत्मसात केली, असं ते म्हणतात. माणसांशी मैत्री आणि सृष्टीशी मैत्री हा तुमच्या संस्कृतीचा पाया आहे, असं सांगताना ते ‘मैत्री’ हा आपला शब्दच वापरतात. गाऱ्हाण्यात प्रत्येक देवतेला तिच्या नावानं हाक मारावी तसं ते जपानला त्याच्या खऱ्या गुणांनी हाक मारत जातात. मगच मागणं.

मागणं कठोर आहे. त्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या जपानमधल्या व्याख्यानांतून 1917 च्या ‘नॅशनॅलिझम’ या पुस्तकातलं जपानवरचं प्रकरण तयार झालं, त्यात ते आजही वाचायला मिळतं. पाश्चात्त्यांचे कपडे, इमारती, यंत्रं उचलली म्हणून जपान बिघडणार नाही. पाश्चात्त्य राष्ट्रवादाची आतली प्रेरणा आपली मानली तर मात्र घात आहे, हा त्यांचा इशारा. जो सबळ तो टिकेल, हे विज्ञानातून उचललेलं वाक्य त्यांना जपानच्या दारावर लिहिलेलं दिसतं. माणसं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की दुसऱ्यावर मारलेला घाव फिरून आपल्यावर येतो, असं ते बजावतात. 1916 साली, एकवीस मागण्यांनंतर दीडेक वर्षातच, तोक्योत उभं राहून हे बोलणं म्हणजे काय याचा विचार करावा.

‘व्हय म्हाराजा’ आलं नाही. स्वागताचा पूर ओसरला. पुढे अमेरिकेतल्या व्याख्यानात ठाकुरांनीच सांगितलं की जपानी वर्तमानपत्रांनी माझ्या बोलण्यातल्या काव्याची वाहवा केली आणि वर पुस्ती जोडली की हे एका पराभूत लोकांचं काव्य आहे. हे सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नाही. वक्त्याची खरी उंची मी इथे मोजतो.

हे सगळं ज्या आवारात घडलं ती जागाही वाचण्यासारखी आहे. केओचे संस्थापक फुकुझावा युकिची. सभेत उभं राहून सलग भाषण करायला जपानी भाषा जमणार नाही असं मानणारे विद्वान त्यांच्या काळात होते. फुकुझावांनी वाद घालत न बसता बोलून दाखवलं, 1874 साली केओच्या मिता इथल्या आवारात भाषणाचा सराव करणारी मंडळी जमवली आणि 1 मे 1875 रोजी त्यासाठी खास सभागृह उघडलं. काळसर चौकोनी फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे जाड उंचवटे असलेल्या जपानी भिंती, आत मात्र पाश्चात्त्य धाटणीची मांडणी. 1923 च्या भूकंपानंतर 1924 मध्ये ते आवारातच दुसऱ्या जागी हलवलं गेलं, 1967 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू ठरलं, आणि आजही उभं आहे. त्याच 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जी वक्तृत्वोत्तेजक सभा चालवते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन शहरांनी एकाच वर्षी ठरवलं की नव्या काळात जगायचं तर माणसांनी माणसांपुढे उभं राहून बोलायला शिकलं पाहिजे. गोव्याला मात्र हे सुख फार उशिरा मिळालं. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेही पाहुणेच, आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना पकडलं. ज्या भूमीवर सभा भरवणं हाच गुन्हा होता तिथल्या माणसाला व्यासपीठाचं मोल शिकवावं लागत नाही.

आजच्या वक्तृत्व क्लबांच्या परिषदा याच वंशातल्या आहेत. टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केला. जपानमधल्या त्यांच्या परिषदांत इंग्रजी आणि जपानी अशा दोन्ही भाषांत स्पर्धा होतात. तयार भाषणाला पाच ते सात मिनिटं. हिरवा, पिवळा, तांबडा इशारा. साडेसात मिनिटांच्या पुढे गेला की स्पर्धक बाद. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलणं हा वेगळा भाग, आणि त्यात आमच्या भागातल्या दशावतारी नटाला कुणी हरवेल असं मला वाटत नाही. रंगपटात आख्यान ऐकायचं आणि रात्रभर लिखित संहितेविना संवाद उभे करायचे हा त्याचा रोजचा धंदा. पण मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो मूल्यमापनाचा भाग. बोलणाऱ्यानंतर दुसरा उठतो आणि दोन-तीन मिनिटांत सांगतो की मी काय ऐकलं, कुठे पटलं, कुठे नाही. ठाकुरांना हेच मिळालं नाही. त्यांना टाळ्या मिळाल्या, मग टोमणे मिळाले. समोरासमोर कुणी प्रश्न विचारला असता तर तो संवाद झाला असता.

असा प्रश्न एका मराठी माणसाला जपानमध्ये विचारला गेला. रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले 1954 साली जपानमधल्या जागतिक परिषदेला गेले, तिथे त्यांनी गीतेचा आणि वैदिक विचाराचा पक्ष मांडला. विचार अनेकांना भावला, पण लोकांनी पुरावा मागितला: हे तुमच्या देशात कुणी जगतं का? नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी त्यांना अमेरिकेत येण्याचं निमंत्रण दिलं. शास्त्रीजींनी ते नाकारलं आणि परत आले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं स्वाध्याय परिवाराच्या कामात, खेड्यांत आणि कोळीवाड्यांत गेली. त्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी भाषणानं दिलं नाही. परिषदेला गेलेल्या पाहुण्यानं काय घेऊन यावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जपानी न येणाऱ्या पाहुण्यानं तिथल्या जपानी भाषेतल्या स्पर्धेलाही जरूर बसावं असं माझं मत आहे. अर्थ कळणार नाही, पण वक्ता कुठे थांबतो, वाकून नमस्कार करून वर येईपर्यंत किती वेळ घेतो, सभा त्याच्या थांबण्याबरोबर कशी थांबते, हे कळेल. रोजच्या संभाषणात समोरच्याला पदोपदी हुंकार देणारे हे लोक सभेत निःशब्द बसतात. ‘व्हय म्हाराजा’ची सवय असलेल्या आपल्या वक्त्याला ती शांतता थंडपणासारखी वाटेल. तिला घाबरून आवाज चढवू नये. ठाकुरांना जपान कळला तो अशाच एका शांततेत.

या व्याख्यानाची पुढची कहाणी 1938 सालची आहे. केओतच इंग्रजी शिकवणारे कवी योने नोगुची यांनी ठाकुरांना पत्र लिहून चीनवरच्या जपानी आक्रमणाचं समर्थन केलं आणि त्यांचा पाठिंबा मागितला. ठाकुरांनी तो नाकारला. ज्या जपानी लोकांवर आपलं प्रेम आहे त्यांच्यासाठी विजयाची इच्छा आपण करू शकत नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा अशीच इच्छा आहे, असं त्यांनी उलट कळवलं. बावीस वर्षांत त्यांच्या भूमिकेत तसूभर फरक पडला नव्हता, आणि प्रेमातही. 1941 साली ते गेले; जपानचं पुढे काय झालं ते पाहायला ते नव्हते.

तोक्योच्या परिषदेला जाणाऱ्यांनी एक सकाळ मितासाठी राखून ठेवावी आणि फुकुझावांचं ते सभागृह बाहेरून तरी पाहावं. आणि त्याआधी, घरीच, कुणाला तरी समोर बसवून, ठाकुरांचं हे व्याख्यान एकदा मोठ्यानं वाचावं.